चौथ्या वर्षी चुलीपाशी कोण जाणार?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गावपातळीवरच्या उपयोजित संशोधनाला किमान पाच वर्षांचा निधी आणि सेवेत मान्यता मिळण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी आली की मी त्यांच्यापुढे चुलीचा विषय ठेवतो. बहुतेक जण शेतकऱ्यांच्या घरातले असतात आणि आईला धुरात बसलेलं त्यांनी रोज पाहिलेलं असतं. इंधन, आरोग्य आणि बाईचे कष्ट हे तिन्ही प्रश्न एकाच जागी बघायचे असतील, तर चुलीसारखी दुसरी जागा नाही.

हा प्रश्न जुना झाला, आता सगळीकडे गॅस पोहोचला, असं मुंबई-पुण्यात अनेकांना वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबं देशात ५८.६ टक्के होती. ग्रामीण भागात हा आकडा ४३ टक्क्यांच्या आसपास होता. २०१९ या एका वर्षात घरातल्या धुरामुळे देशात सुमारे ६ लाख माणसं दगावली, असा भारतीय शास्त्रज्ञांनी केलेल्या रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. सिलिंडर घरात असणं आणि सिलिंडरवर रोजचा स्वयंपाक होणं यांत मोठं अंतर आहे. टाकी संपली आणि हातात पैसे नसले की पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या पुन्हा चुलीत जातात.

आपण शोध लावण्यात कमी पडलो नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली. त्या कामाला २००२ साली आणि खरकट्यावर चालणाऱ्या त्यांच्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ साली शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला. सरकारही मागे नव्हतं. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून जास्त सुधारित चुली बसवल्या गेल्या. आमच्याकडे त्यांना निर्धूर चूल म्हणत. २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. त्या चुलींतल्या किती पेटत राहिल्या, हे आज गावात फिरून विचारा. धुराडं मोडलेलं असतं, नाहीतर चूलच उकरून टाकलेली असते.

असं का झालं? याचं उत्तर ओडिशातल्या एका अभ्यासानं फार स्वच्छपणे दिलं. रेमा हॅना, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चूल मिळालेल्या कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या शरीरात जाणारा धूर खरोखरच कमी झाला. दुसऱ्या वर्षापासून तो फरक दिसेनासा झाला. तब्येतीत सुधारणा नाही, लाकूडफाट्यात बचतही नाही. बायका चूल नेमानं वापरत नव्हत्या आणि तिची डागडुजी कोणी करत नव्हतं. त्या मंडळींनी पहिल्याच वर्षी मोजमाप थांबवलं असतं, तर ‘योजना यशस्वी’ असा अहवाल निघाला असता. मला या अभ्यासाचं मोल फार वाटतं.

आता मी स्वतः पाहिलेलं एक सांगतो. प्रयोगशाळेत आम्ही चूल तपासतो ती पाणी उकळून. लाकूड तोलायचं, पाणी मोजून ठेवायचं, उकळायला किती वेळ आणि किती लाकूड लागलं ते लिहायचं. या परीक्षेत आमची चूल चांगली उतरली होती. मुलांनी ती गावातल्या एका घरी बसवली. काही महिन्यांनी आम्ही गेलो, तेव्हा घरातल्या मावशी जुन्याच चुलीपुढं बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “चूल चांगलीय सर, पण भाकर शेकायची कुठं?” ज्वारीची भाकरी तव्यावर एका अंगानं भाजतात, दुसऱ्या अंगानं भाजतात आणि मग तवा बाजूला करून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी करतात. तिथं ती टम्म फुगते. आमच्या चुलीचं तोंड अरुंद, निखारा पुढं ओढायला जागाच नाही. शिवाय मागच्या वैलावर, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या जागेवर, भांडं नसलं की तिथूनच धूर घरात येत होता, आणि त्यांच्याकडे प्रत्येक वेळी दोन भांडी चढवण्याइतकं शिजवायला नसायचं. पाणी उकळण्याच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही. ते दिसायला चूल बसवून झाल्यावर परत जावं लागतं.

महोदय, अडचण इथंच आहे. परत जाण्यासाठी आमच्याकडे पैसा नसतो आणि वेळही नसतो. निधी मिळतो एका आर्थिक वर्षासाठी. तो प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत दिवाळी उलटते आणि मार्चअखेर तो खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. मे महिन्यात मुलं पास होऊन निघून जातात. पुढच्या तुकडीला जुनी चूल तपासण्यात गोडी नसते, कारण परीक्षक विचारतात, “यात नवीन काय?” आणि प्राध्यापकाच्या पदोन्नतीत गुण मिळतात ते छापलेल्या शोधनिबंधाला. गावात तीन वर्षं नोंदवही ठेवणाऱ्याच्या पदरात त्यातलं फारसं काही पडत नाही. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी हे काम करा असं सांगतो, तेव्हा त्यांचं नुकसान होणार हे मला माहीत असतं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

चिकाटीनं मोजत राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेतला. त्याआधी बालन्यूमोनियावर काम करताना त्यांनी कमी शिकलेल्या दाईला वापरता येईल असं श्वास मोजायचं साधन तयार केलं होतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं, तर बाळाला न्यूमोनिया समजायचा. बाईला साठपर्यंत मोजता येत नाही, हे त्यांनी तिच्या शेजारी बसूनच ओळखलं असणार.

नवजात बाळांसाठी ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. पण सेवा सुरू करण्याआधी, १९९३ ते ९५, त्यांनी फक्त नोंदी केल्या: किती बाळं जन्मली, किती गेली, कशानं गेली. तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तीन वर्षांच्या कामानंतर हे प्रमाण २५च्या आसपास आलं. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ साली केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली. पहिल्या नोंदीपासून राष्ट्रीय धोरणापर्यंत १८ वर्षं गेली. एका आर्थिक वर्षाच्या निधीवर हे झालं नसतं.

मोजण्यातून दर वेळी आपल्याला हवं तेच उत्तर येत नाही, हेही मला स्पष्ट सांगायचं आहे. भारतासह (आपल्याकडे तमिळनाडूत) चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या घरांना गॅस फुकट दिला. धूर बराच कमी झाला, पण २०२२ साली निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून गॅस देऊ नये असं मी म्हणणार नाही. धुरातून सुटका हा त्या बाईचा हक्कच आहे. पण गॅसनं नेमकं काय सुधारतं आणि कशासाठी वेगळा उपाय लागतो, हे अशा अभ्यासाशिवाय कळायचं कसं?

आपल्याच विभागानं जानेवारी २०१६मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाचा शासन निर्णय काढला. आयआयटी मुंबईच्या, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सीटारा केंद्राच्या अनुभवावर तो उभा होता. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं जिल्ह्यातले पाण्याचे, ऊर्जेचे प्रश्न अभ्यासायचे, ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. माझी मागणी त्याच चौकटीतली आहे. प्रत्येक जिल्ह्यात एका महाविद्यालयाला एक प्रश्न पाच वर्षांसाठी द्या. त्या निधीतला ठरावीक हिस्सा फक्त परत जाऊन मोजण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवा. गावातल्याच एका मुलीला किंवा बाईला मानधन देऊन नोंदी ठेवायला नेमा, म्हणजे आमची मुलं पास होऊन गेली तरी वही बंद पडणार नाही. फसलेल्या प्रयोगाचा अहवालही मराठीत सगळ्यांसाठी खुला करा, आणि तो लिहिणाऱ्या प्राध्यापकाला पदोन्नतीत शोधनिबंधाइतकेच गुण द्या.

सुरुवात करायला प्रश्नही समोर आहे. राज्य सरकारनं २०२४मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचं ठरवलं. या तीन सिलिंडरनी घरातला धूर किती कमी होतो, चौथा भरायला पैसे कुठून येतात, भाकरीसाठी चूल पेटतेच का, हे येत्या पाच वर्षांत दर हंगामात त्याच त्या घरांत जाऊन पाहता येईल. आमच्या विभागात धूर मोजायची यंत्रं आहेत आणि जायला मुलंही तयार आहेत. येत्या शैक्षणिक वर्षापासून काम सुरू करायचं, तर शासन निर्णय जूनच्या आत निघायला हवा.

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक