फियाट नेण्याआधी

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

फियाट पुण्याला नेण्याआधी तिच्यात काय काय बदलायचं याची तू टेबलावर ठेवून गेलेली यादी बाबांनी वाचली, घडी घालून पंचांगात ठेवली आणि भर पावसात माडांना पाणी घालायला गेले. यावरून काय ते समज. चवथीच्या दिवशी तुम्हा दोघांचं जे झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी उतरवेपर्यंत तरी थांबायचं होतं, एवढंच. फोनवर सांगायला गेले की तू "आई, मला माहीत आहे" म्हणतेस, म्हणून लिहिते.

ब्रेकबद्दल मी शेवटी लिहीन. आधी बाकीचं.

बाबांना वाटतं, तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, फियाटला हात लावला नाही. लावला होता. मूळचा डायनमो काढून अल्टरनेटर त्यांनीच बसवला. पावसात वायपर आणि दिवे एकदम चालू केले की संथ गतीला डायनमोची वीज पुरत नसे, डिचोलीच्या बाजारात गर्दीत अडकलं की दिवे पिवळे पडत. मागच्या पायाखालचा पत्रा तर कितीदा नवा घातला. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खाणीच्या ट्रकांची लाल माती, तो पत्रा टिकणार कसा? तेव्हा "जशीच्या तशी" हे बाबांचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. त्यांना गाडीची काळजी नाही, तू ती घेऊन जाणार याची आहे. हे मी लिहायला नको होतं, पण लिहिलं.

तरी तुझ्या यादीतलं अर्धं मला पटलं नाही. अलॉय व्हील कशाला? हँडलवरचा गिअर काढून खाली जमिनीवर कशाला? तू पाच वर्षांची असताना पुढच्या लांब सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये बसायचीस आणि अण्णा गिअर टाकताना त्यांच्या हातावर हात ठेवायचीस. बकेट सीट घातल्या की मध्ये कोण बसणार? बरं, हे म्हातारीचं बोलणं झालं, सोड. पण कागदाचं ऐक. गाडी १९७५ ची, पन्नास वर्षं झाली. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नसेल, तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र व्हिंटेज गाडीला मिळणाऱ्या त्या 'व्हीए' अक्षरांच्या नंबरवर रोज ऑफिसला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच बाहेर काढायची. तुला आज ती चालवायचीच आहे, पण उद्या मन बदललं तर दार बंद करून ठेवू नकोस. आणि पुण्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असशील तर इथल्या आरटीओची एनओसी आधी. ते काम मी करते, तिथला क्लार्क माझा विद्यार्थी.

दिव्यांना रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच, घालायचं तू लिहिलंस ते मात्र झकास. पन्नास वर्षांच्या स्विचमधून आणि वायरीतून हॅलोजनचा सगळा करंट न्यायचा म्हणजे अर्धा उजेड वायरीतच जातो, वर स्विच तापतो तो वेगळाच. बॅटरीवरून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि साधे ६०/५५ वॉटचे बल्ब. त्याहून मोठे नकोत, समोरच्याला डोळे असतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनही घाल, पण जुनी पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर डिकीत ठेव. पॉइंट बिघडले तर रस्त्यावर घासून घरी येता येतं, ती इलेक्ट्रॉनिक डबी गेली की गेली. दहावीच्या सुट्टीत डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून तू पॉलिश पेपरने पॉइंट घासलेस आणि फीलर गेज घालून फट बघितलीस, तेव्हा आपला मेकॅनिक मेस्त म्हणाला होता, बाई, हिला माझ्याकडे पाठवा. मी हसले. खरं सांगू? हे मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. तुला कधी सांगितलं नाही.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. नळ्या सगळ्या नव्या घाल, इथेनॉलला टिकणाऱ्या, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळलं तर काय होतं ते मी सांगायला नको. गाडीत आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेव. टायर रेडियल घाल, पण चारही, स्टेपनीसुद्धा. दोन जुने दोन नवे असं नको, वळणावर पुढचं मागचं ऐकत नाही. पार्किंगला स्टिअरिंग जड लागेल, लागू दे. सीटबेल्ट लावच. नुसत्या पातळ पत्र्याला भोक पाडून नट आवळणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नकोस, मागे जाड पट्टी वेल्ड करून घे.

बघ, परत शाळा सुरू झाली माझी. रागावू नकोस. तीस-पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्यावर पत्रसुद्धा वहीसारखं तपासून पाठवते मी.

आता ब्रेक.

जाताना मला भीती नाही. केरीहून चोर्ल्याच्या घाटाला चढ आहे, इंजिन तापेल, थांबाल, बोनेट उघडाल. भीती येतानाची आहे. १०८९ सीसीची गाडी, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर एकच, त्यातून एकच दाब चारही चाकांना. कुठेही एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला काय तोटा. डॉट तीन प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालेलं १४० वरच उकळू लागतं. उतारावर ड्रम तापले की आत वाफ होते. वाफ दाबली जाते, चाक थांबत नाही.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. बेळगावहून परत येत होतो, अण्णा, मी आणि कुंभारजुव्याची आत्या. अनमोड घाटाच्या उतारावर पुढे लाकडाचा ट्रक, अण्णा ब्रेक दाबत दाबत त्याच्या मागे. मग पेडल पोकळ झालं. मला कळलं ते त्यांच्या गुडघ्यावरून, तो भराभर वर-खाली होत होता. त्यांनी गिअर खाली पाडला, दुसरा, मग पहिला. इंजिन असं ओरडलं की आत्या जागी झाली. डोंगराच्या बाजूच्या चरात चाकं घालून गाडी थांबवली. मोलेला चहा घेताना एवढंच म्हणाले, "सूनबाई, हे घरी नको." आत्या गेली, अण्णा गेले. बाबांना अजून ठाऊक नाही. तूही सांगू नकोस. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सगळं ऑइल बदलून घेतलं आणि त्यानंतर दर दुसऱ्या वर्षी, चवथीच्या आधी, न चुकता. घरात सगळ्यांना ती त्यांची सवय वाटायची.

म्हणून यादीत पहिलं काय हवं होतं ते तुझ्या यादीत सातवं आहे. पुढे डिस्क ब्रेक बसवायचे म्हणतेस. वाईट नाही, पण नुसते डिस्क लावून जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर तोल सांभाळत नाही, पुढची चाकं आणि मागची यांचा दाब जुळावा लागतो. त्याआधी दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर घाल, म्हणजे पुढची नळी फुटली तरी मागचे ब्रेक उरतील. चाकांमधल्या सिलिंडरचे रबर, तिन्ही लवचीक नळ्या, नवीन डॉट चार. मेस्त म्हणतो, हे बसतं, त्याने बसवलंय. मग डिस्कचं बघू. मुंबईच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या, तेव्हापासून तिथे भंगारात सुटे भाग शोधणंही अवघड झालंय. मिळेल ते आत्ताच घे, पण ब्रेकचे रबर जुने घेऊ नकोस, सीलबंद पिशवीत असले तरी. रबर पिशवीतसुद्धा म्हातारं होतं.

उतारावर दुसऱ्या गिअरवर. ज्या गिअरवर चढली असती त्याच गिअरवर उतरव. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे बापे तुला पुण्यात भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. तुला हे माहीत आहे. मला माहीत आहे की तुला माहीत आहे. मयेच्या तळ्याच्या रस्त्यावर अण्णांनी मला चालवायला शिकवलं तेव्हा प्रत्येक वळणावर "दुसरा, दुसरा" म्हणायचे, मी चिडायचे. आता चालवताना मीच पुटपुटते.

बाबांचं मी बघते. कालच त्यांनी यादी पंचांगातून काढून परत वाचली आणि मला विचारलं, हे रिले म्हणजे काय गं? मी म्हटलं, तिलाच विचारा. विचारतील. फोन सकाळी कर, दुपारी डोळ्यांत थेंब घालून झोपलेले असतात.

मेस्ताला मास्टर सिलिंडरचे पैसे मी देऊन ठेवलेत. बाबांनी विचारलं तर तूच दिलेस म्हण. काम झालं की त्याच्याकडून पावती घे आणि जुन्या नळ्या परत माग, मला त्या बघायच्या आहेत.

तुझी,
आई