नऊ तारखेला नवऱ्यांना पण आत बोलवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात आजकाल गर्भसंस्काराच्या क्लासच्या जाहिराती लई येतात, पुण्या-मुंबईच्या आणि आता संभाजीनगरच्या पण. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल करावेत, आपलं काही म्हणणं नाही. पण आमच्या माजलगावकडच्या खेड्यात पहिलटकरणीला आणि तिच्या नवऱ्याला खऱ्या कळा कोणत्या, घरातून कधी निघायचं, गाडी कुठून येणार एवढं सांगणारा तासाभराचा साधा क्लास पण माझ्या तरी पाहण्यात नाही. बाळाला पोटात श्लोक शिकवणारे भेटतात, बापाला काही शिकवणारं कोणी भेटत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात त्याला. योजना चांगली आहे, बायकोला घेऊन मी पण जातो. आत बायांची लाईन, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, आणि बाहेर लिंबाखाली आम्ही नवरे लोक गाड्यांवर बसून रील बघत असतो, एखादी सासू पायरीवर बसलेली असते, आणि अर्धा दिवस असाच जातो. कोणी बाहेर येऊन म्हणत नाही की बाबांनो, आत या, दहा गोष्टी सांगायच्यात. बाप आयता दारात बसलेला आहे की, त्याला वेगळं बोलवायचा खर्च पण नाही.

आणि आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरली की पोरगी माहेरी जाते, म्हणजे रात्री दोन वाजता पोटात दुखायला लागलं की ठरवणार कोण, तर तिचे वडील, भाऊ आणि फोनवर नवरा, आणि तिघांपैकी एकालाही कोणी काही सांगितलेलं नसतं. म्हणून क्लास पाचव्या-सहाव्या महिन्यातच पाहिजे, नवरा आणि सासू दोघांना बसवून, आणि माहेरी गेल्यावर तिकडच्या दवाखान्यात आई-भावाला परत एकदा.

सांगायचं पण फार अवघड नाही. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं. रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडावर हातावर सूज आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही, १०२ नाहीतर १०८ ला फोन लावायचा. लोहाच्या गोळ्या १८० दिवस रोज एक, चहासोबत नाही आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत पण नाही. या गोळ्यांनी संडासला काळं होतं, घाबरायचं कारण नाही, पण हे कोणी सांगत नाही म्हणून बाया गोळ्या बंद करतात आणि अख्ख्या पट्ट्या देवळीत पडून राहतात. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं, चीक टाकून द्यायचा नाही, मध-गुळाचं पाणी चाटवायचं नाही. आणि सहा महिने वरचं पाणी पण नाही, हे तर आमच्याकडच्या मे महिन्यात आजीला पटवणं म्हणजे वकिलाचंच काम आहे, तिचा जीवच राहत नाही, म्हणून तर म्हणतो तिला पण क्लासला बसवा.

यातलं बरंचसं माता बाल संरक्षण कार्डावर चित्रांसकट छापलेलं आहे. पण ते कार्ड सोनोग्राफीच्या रिपोर्टसोबत कॅरीबॅगमध्ये असतं आणि सिस्टरला वजन लिहायचं असेल तेवढंच उघडतं.

अजून एक, केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सांगितलंय की सरकारी दवाखान्यात बाळंत होताना बाईजवळ तिच्या घरातली एक बाई थांबू शकते, आणि आडोशाची नीट सोय असेल तिथं नवरा पण. आमच्याकडं विचारून बघा किती जणांना माहितेय.

आणि बीड जिल्ह्याचं म्हणून सांगतो, ऊसतोडीला जाणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागेल. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी आली की जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर, त्यात पाच-सहा महिन्यांच्या पोटुशी बाया पण असतात, फडात कसली आलीय ९ तारीख. गाड्या निघायच्या आधीच गावात त्यांचा क्लास घ्या आणि ज्या कारखान्याला चालले तिथला जवळचा सरकारी दवाखाना कोणता ते कार्डावर लिहून द्या.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर येत्या ९ तारखेपासून सुरू होईल, एक खोली, एक सतरंजी आणि बाळाला कसं गुंडाळायचं ते दाखवायला एक बाहुली लागते. फक्त हे पण काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटात टाकू नका, त्यांच्याकडं आधीच रजिस्टरं कमी नाहीत, क्लासचे त्यांना वेगळे पैसे द्या.

आपला,
एक वाचक, ता. माजलगाव, जि. बीड