ताई, तुमच्या त्या ‘नक्की माहीत नाही’साठी

ताई,

बाबा परवा हॉस्पिटलमधून घरी आले. तुम्हाला माहितीये, कारण पहिला मेसेज मी तुम्हालाच केला होता, पण त्यात नुसतं ‘आले घरी’ लिहिलं आणि पुढे बोटं चालेचनात. तेव्हा राहिलेलं आता सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

आपण आयुष्यात एकदाच भेटलोय, तेही गर्दीत, चेहराही धड लक्षात नव्हता. नातेवाइकांच्या ग्रुपवर तुम्ही आहात हे मला कळलं तेच मुळी गेल्या वर्षीच्या त्या श्वास रोखायच्या मेसेजमुळे. दहा सेकंद श्वास रोखून धरा, खोकला आला नाही म्हणजे कोरोना नाही, फुप्फुसं ठणठणीत. तुम्ही शांतपणे लिहिलं होतं की असं काही नसतं, जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा हे खोटं म्हणून सांगितलंय. त्यावर तुम्हाला काय काय ऐकावं लागलं ते काल रात्री मी मागे जाऊन परत वाचलं. ‘निगेटिव्हिटी पसरवू नका.’ ‘करून बघायला काय जातंय?’ एकाने तर तुम्ही नर्स आहात, डॉक्टर नाही, याचीही आठवण करून दिली. आणि मी, सगळं वाचत असून, एका अक्षराने मध्ये पडलो नाही. ते आता फार लागतंय मनाला. माफ करा.

बाबांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत फोन थांबला नाही. वाफ द्या, उन्हात बसवा, ही गोळी द्या, ती बंद करा, अमुक खायला घाला, तमुक अजिबात नको, आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत होता. माणसं वाईट नव्हती, काळजीपोटीच करत होती, हे मला कळतं. पण एवढ्या मेसेजमध्ये एकही प्रश्न नव्हता हो. ताप किती आहे, पोटात काही जातंय का, शुगर आहे का, कुणी काही विचारलंच नाही. नुसती उत्तरं.

मग ती यादी आली. ‘नामांकित डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, घरच्या घरी बरे व्हा.’ डॉक्टरांचं नाव नाही, तारीख नाही, वर दोन बाणांची खूण, म्हणजे निदान पाच हात फिरून आलेली. व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये असे मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील असं करून टाकलं, पण चिकाटीने एकेकाला पाठवत बसणाऱ्याला कोण अडवणार. यादीत पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड होतं, आणि खाली ठळक अक्षरात बीपीची गोळी ताबडतोब बंद करा असं. मी इतका घाबरलेलो होतो की औषधं आणून ठेवली होती. रात्री साडेअकराला स्ट्रिप हातात घेऊन पलंगाशेजारी उभा होतो, बाबा पाण्याचा ग्लास धरून वाट बघतायत, आणि का कोण जाणे, मला तुम्ही आठवलात. यादीचा फोटो तुम्हाला पाठवला.

तुमचं पहिलं वाक्य प्रश्न होतं. ‘काकांचं ऑक्सिजन किती आहे?’

मी म्हटलं ९७. तुम्ही लिहिलंत, मग स्टिरॉइड आत्ता अजिबात नको, आणि त्यांना शुगर आहे ना, ती चढेल. मग दोन ओळीत मला समजेल असं सांगितलंत की जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा दिसला तो ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या पेशंटना, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. बातमी फिरताना त्यातलं औषधाचं नाव तेवढं फिरलं, कुणाला आणि कधी हे वाटेत गळून गेलं.

आणि बीपीच्या गोळीचं विचारलं तेव्हा तुम्ही लिहिलंत, ‘हे मला नक्की माहीत नाही दादा. विचारून सांगते. तोवर मनाने बंद करू नका.’

ताई, हे वाक्य मी त्या रात्री किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. त्या अख्ख्या ग्रुपमध्ये या आजाराचे पेशंट रोज हाताळणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यासुद्धा तुम्ही एकट्याच. त्या एका वाक्यामुळे तुम्ही आधी जे सांगितलं होतं त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. पहिल्यांदा त्या दिवशी छातीवरचं ओझं थोडं हललं, आणि मी स्ट्रिप कपाटात ठेवून दिली.

मला खरंच वाटलं नव्हतं तुमच्या लक्षात राहील. पहाटे पावणेसहाला तुमची व्हॉइस नोट आली. मागे कुठल्यातरी ट्रॉलीची चाकं खडखडतायत, तुमचा आवाज पार बसलेला, मध्येच कुणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतंय, तुम्ही ‘आले आले’ म्हणताय आणि परत माझ्याशी बोलताय. ‘डॉक्टरांना विचारलं, गोळी चालूच ठेवायची, हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मागेच सांगितलंय की या आजारासाठी म्हणून ती बंद करू नका. उशीर झाला हं, वॉर्डातून हलताच आलं नाही.’ रात्रभर पेशंट बघून, बाहेर पडायच्या आधी माझं काम केलंत आणि वर उशिराबद्दल दिलगिरी. ती नोट मी जपून ठेवलीये, डिलीट होणार नाही.

सहाव्या दिवशी काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा मला म्हणत होते मी एकदम बरा आहे, हे बघ, आणि दहा सेकंद श्वास रोखून दाखवला. जमला त्यांना! घरातले सगळे खूश झाले. मी ऑक्सिमीटर लावला तर ८९. वाटलं मशीन बिघडलंय, दुसरं बोट, तिसरं बोट, परत ८९. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात आकडा राहू दे क्षणभर, काकांना एक पूर्ण वाक्य एका दमात बोलायला सांगा. बाबांनी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणायला घेतलं आणि ‘काही’पाशीच थांबून श्वास घेतला. तुम्ही फोनवरच ते ऐकलंत आणि म्हणालात, निघा.

पुढचं लिहीत बसत नाही. पण एक सांगायचंय. हॉस्पिटलमध्ये त्यांना जे स्टिरॉइड दिलं ते यादीतलंच होतं, तेच नाव. फक्त आता ऑक्सिजन लागत होता, शुगर दिवसातून चार वेळा तपासत होते, आणि समोर बाबांकडे बघणारा डॉक्टर होता.

ज्यांनी यादी पाठवली त्यांना मी नंतर विचारलं कुठून आली. ‘मला आली, मी पुढे पाठवली.’ बस. ना चुकलं म्हणाले, ना ग्रुपवर कुणाला सांगितलं की ती वापरू नका. बाबा ॲडमिट असताना मात्र हात जोडलेले इमोजी येत होते, आणि त्यांच्याच खाली नवीन यादी. मला त्यांचा राग येतो, अजून येतो, लपवत नाही. पाठवायला लागतं एक बोट. विचारून, खात्री करून, नाईट ड्युटी संपताना एका अनोळखी माणसाला परत कळवायला काय लागतं ते मी तुमच्यात बघितलं. अशी माणसं आहेत, आरडाओरडा न करता आपापल्या जागी आहेत, आणि आपण त्यांनाच ग्रुपवर गप्प बसवतो.

श्वास रोखायचा मेसेज कालच परत आला ग्रुपवर. या वेळी मी लिहिलं, ८९ चा आकडा सांगितला, बाबांचं नाव घेऊन सांगितलं. दोघांनी मेसेज काढून टाकला. एकाने मला ‘निगेटिव्ह’ म्हटलं.

तुमची नाईट कधी संपतेय तेवढं कळवा. बाबांना तुमच्याशी बोलायचंय. काय बोलायचं ते त्यांनी पाठ करून ठेवलंय, मोठं वाक्य आहे, आणि सकाळपासून दोनदा मला एका दमात म्हणून दाखवलंय.