‘नवी प्रजाती’ की नवी जाती? दक्षिण अमेरिकेतील एका कोळ्याच्या निमित्ताने

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नुकतीच दक्षिण अमेरिकेतील उड्या मारणाऱ्या एका कोळ्याविषयीची बातमी ‘कोळ्याची नवी प्रजाती सापडली’ या मथळ्याखाली छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. एरवी ज्याची गाठ फक्त झाडूशी पडते, अशा जिवाला वृत्तपत्रात जागा मिळाली याचा आनंद आहेच. मात्र मथळ्यातील चार शब्दांपैकी ‘प्रजाती’ आणि ‘सापडली’ हे दोन शब्द वाचकाची दिशाभूल करणारे आहेत, आणि सोबतचे छायाचित्र तर त्याहून अधिक. म्हणून हे पत्र.

पहिला मुद्दा शब्दाचा. मराठी प्राणिशास्त्राच्या परिभाषेत स्पीशीजला जाती आणि जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, प्रजाती किंवा वंश म्हणतात. हिंदीत ‘प्रजाति’ हा शब्द स्पीशीजसाठी रूढ आहे आणि तेथूनच तो आपल्याकडील मथळ्यांत शिरला असावा. एप्रिल २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून चालणाऱ्या जागतिक कोळी सूचीत ५०,००० वी जाती नोंदली गेली, ती नेमकी दक्षिण अमेरिकेतील उड्या मारणाऱ्या कोळ्याची होती. तिचे नाव गुरिउरियस मिनुआनो. दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि ब्युनोस आयर्सच्या आसपास झाडाझुडपांवर शिकार करणाऱ्या या कोळ्याचे वर्णन किंबर्ली मार्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि त्या प्रदेशात पूर्वी राहणाऱ्या मिनुआने लोकांवरून जातीचे नाव ठेवले. या नावातील पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. येथे दोन्ही नवे होते, त्यामुळे ‘नवी प्रजाती’ हा मथळा त्या वेळी योगायोगाने बरोबर ठरला असता. बहुतेक वेळा मात्र प्रजाती जुनीच असते आणि तिच्यात एका नव्या जातीची भर पडते.

दुसरा शब्द ‘सापडली’. बातमी वाचून असे वाटते, की संशोधक जंगलात गेला, पान उलटले, कोळी दिसला आणि काम झाले. प्रत्यक्षात कोळी पकडला जातो तेव्हा पकडणाऱ्याला तो नवा आहे हे सहसा माहीत नसते. तो मद्यार्काच्या कुपीत जातो, कुपी संग्रहालयाच्या फडताळात जाते, आणि त्या कुलाचा, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या मोठ्या गटाचा, जाणकार ती उघडीपर्यंत वर्षे, कधी दशके लोटतात. नवी जाती खऱ्या अर्थाने सापडते ती तेथे, सूक्ष्मदर्शकाखाली.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे साल्टिसिडी हे कुल ओळखायला विशेष विद्या लागत नाही. चेहऱ्यावर मोटारीच्या दिव्यांसारखे पुढे रोखलेले दोन मोठे डोळे दिसले की कुल ठरले. पण हे कोळ्यांतील सर्वांत मोठे कुल आहे. त्यात ६,००० हून अधिक जाती आहेत, आणि दक्षिण अमेरिका हे त्यांचे एक मोठे आगर आहे. शिवाय त्या खंडातील घरांच्या भिंतींवर वावरणारे काही उड्या मारणारे कोळी मूळचे तेथील नाहीतच. मेनेमेरस बायव्हिट्टाटस आणि प्लेक्सिपस पायकुली हे दोघे जुन्या जगातून, म्हणजे आफ्रिका, आशिया, युरोप या बाजूने, माणसाच्या सामानासोबत तिकडे पोहोचले आणि स्थायिक झाले. अशा फिरस्त्या कोळ्याला नवे नाव देऊन बसण्याची चूक पूर्वी अनेकांनी केली आहे, म्हणून नमुना नवा म्हणण्यापूर्वी केवळ शेजारच्या देशातील नव्हे, तर दूरच्या खंडांतील जातींशीही तो ताडून पाहावा लागतो.

ही पाहणी कशी असते, याचा थोडा अनुभव मला आहे. काही वर्षांपूर्वी ब्राझीलमधून अभ्यासासाठी उसने आलेले काही नमुने एका जाणकाराशेजारी बसून पाहण्याची संधी मिळाली. प्रत्येक कुपीत कोळ्याबरोबर बोटाच्या पेराएवढी कागदाची चिठ्ठी बुडवलेली होती. तिच्यावर स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव होते. ही चिठ्ठी हरवली तर कोळ्याची किंमत जवळजवळ शून्य होते. काचेच्या बशीत बारीक वाळूचा थर द्यायचा, वर मद्यार्क ओतायचा, चिमट्याने वाळूत खळगा करून कोळी त्यात टेकवायचा, म्हणजे तो हव्या त्या कोनात स्थिर राहतो. पाच मिलिमीटरच्या त्या देहावर मी रंग आणि पट्टे पाहत होतो. जाणकार मात्र त्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट पेडिपाल्पकडे वळले. तोंडाच्या दोन्ही बाजूंना आखूड पायांसारखा हा अवयव असतो आणि प्रौढ नरात त्याचे टोक गदेसारखे फुगीर होते. त्या फुगवट्यावर वीर्य मादीकडे पोहोचवणारा, केसाहून बारीक काळपट काटा असतो. तो कधी आखूड आणि सरळ, तर कधी घड्याळाच्या कमानीसारखा वळसे घेतलेला असतो. फुगवट्याच्या मागच्या पेरावर बाहेरच्या बाजूला एक दात असतो. तो दात टोकाशी दुभंगला आहे की अखंड, तो किती वळला आहे, काटा कोठून निघतो आणि कोठे संपतो, याचीच चर्चा तासभर चालली होती.

मादीची गोष्ट आणखी नाजूक. तिच्या पोटाखाली जननद्वाराची कठीण झालेली छोटी पट्टी असते. ती सुईने अलगद सोडवून, मऊ भाग काढून, लवंगाच्या तेलात ठेवली की ती पारदर्शक होते, आणि आतल्या नळ्या व वीर्य साठवणाऱ्या पिशव्या दिसू लागतात. नरमादींचे रंग पुष्कळदा इतके वेगळे असतात, की एकाच जातीला दोन नावे पडल्याची उदाहरणे या कुलात आहेत. मीही त्या दिवशी पांढऱ्या पट्ट्यांचा काळा कोळी आणि मळकट पिवळा कोळी अशा दोन जाती बेलाशक टिपून ठेवल्या होत्या. जाणकारांनी तिसरी कुपी पुढे केली. तिच्यात तसेच दोघे होते आणि चिठ्ठीवर ‘एकाच रेशमी घरट्यात’ अशी नोंद होती. माझ्या वहीतील एक जाती मला तेथेच खोडावी लागली. अशी जोडी जुळवण्यासाठी आता जनुकाच्या तुकड्याचीही मदत घेतात, पण शंभर वर्षे मद्यार्कात मुरलेल्या मूळ नमुन्यातून तो तुकडा मिळवणे कठीण असते, त्यामुळे वाळूची बशी काही सुटत नाही.

ओळख पटली, जाती नवी आहे असे ठरले, तरी वर्णनाखेरीज तिला नाव मिळत नाही. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार १९३० नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नावासोबत त्या जातीला इतरांपासून वेगळी करणारी लक्षणे शब्दांत सांगावी लागतात. कितीही सुंदर चित्र असले तरी एकट्या चित्रावर भागत नाही. १९९९ नंतरच्या नावांसाठी आदर्श नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते तो नमुना, कोणता, हेही स्पष्ट नमूद करावे लागते. या अटींमागे कटू अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे यूजेन सिमाँ आणि अमेरिकेतील जॉर्ज व एलिझाबेथ पेकहॅम या दाम्पत्याने दक्षिण अमेरिकेतील कितीतरी उड्या मारणाऱ्या कोळ्यांना नावे दिली. त्यांचे ऋण मोठेच आहे, पण त्या काळच्या चार ओळींच्या वर्णनावरून पुढच्या माणसाला कोळी ओळखता येईना. आर्जेन्टिनाच्या मारिया एलेना गालियानो यांनी सिमाँ यांचे अमेरिकेतील मूळ नमुने तपासून १९६३ मध्ये त्यांची नव्याने वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे अनेक नावांना चेहरा मिळाला. माझ्या मते हे काम नवी जाती शोधण्याहून तसूभरही कमी नाही, पण त्याची बातमी होत नाही.

नाव निश्चित असण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ब्राझीलमध्ये ब्रोमेलिया बालान्से या काटेरी वनस्पतीवर सेकास चापोडा नावाचा उड्या मारणारा कोळी राहतो. त्याच्या विष्ठेतून आणि भक्ष्याच्या अवशेषांतून त्या वनस्पतीला नायट्रोजन मिळतो, हे संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. हा निष्कर्ष दुसऱ्या कोणाला पडताळून पाहायचा असेल, तर कोळी नेमका तोच आहे याची खात्री आधी हवी.

ती खात्री शेवटी आदर्श नमुन्यापाशी येऊन थांबते, म्हणून तो कोठे ठेवला आहे हे बातमीत येणे अगत्याचे आहे. मे २०१० मध्ये साओ पावलोच्या बुटांटान संस्थेत लागलेल्या आगीत सापांबरोबर कोळी आणि विंचवांचे नमुनेही जळाले. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय पेटले, तेव्हा कोळ्यांच्या नात्यातील ओपिलिओन या प्राण्यांचे अनेक आदर्श नमुने नष्ट झाले. आपल्या बातमीत संशोधकांच्या प्रवासाविषयी दोन परिच्छेद होते. नमुन्याविषयी अक्षरही नव्हते.

आता छायाचित्राविषयी. रंगांसाठी जिवंत कोळ्याचे छायाचित्र हवेच, कारण मद्यार्कात हिरवे आणि तांबूस रंग फिके पडतात आणि अंगावरचे चमकदार खवले झडतात. पण आपण छापलेल्या चित्रातील कोळ्याचे पेडिपाल्प नीट पाहावेत, ते चित्रात स्पष्ट दिसतात. टोके फुगलेली आहेत, पण गुळगुळीत आहेत. त्यांवर ना काटा आहे ना दात. अजून एकदा कात टाकायची बाकी असलेल्या नराचे हे लक्षण आहे, आणि अशा अपक्व नरावरून या कुलातील जाती सहसा ठरवता येत नाही. बातमीतील जाती प्रौढ नरावरून वर्णिली आहे, असे आपल्याच मजकुरात म्हटले आहे. तेव्हा हे छायाचित्र कोणत्या कोळ्याचे आणि ते कोठून घेतले, याचा खुलासा आपण करावा, ही विनंती.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक