ऑपरेशने मोजता, दृष्टी कधी मोजणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या डोळ्यातला पडदा (रेटिना) सहा आठवड्यांनी तपासला जाईल, असे आश्वासन आपण दिले होते. माझे ऑपरेशन त्यानंतरचे. मला कोणीही बोलावले नाही. दिसेनासे होऊ लागले म्हणून स्वतःच गेले, तर उत्तर मिळाले, “लेन्स छान बसली आहे, चष्म्याचा नंबर काढून घ्या.” लेन्स छानच बसली आहे. तिच्यामागचा पडदा सुजला आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून डोस दुसऱ्याने भरून द्यावा लागतो. हे परावलंबन किती जाळते, ते आपल्या अहवालात कुठे येणार?

साहेब, मोतीबिंदू काढणे म्हणजे खिडकीची काच बदलणे नव्हे. डोळ्याला रक्त किती मिळेल हे रक्तदाब आणि डोळ्यातला दाब यांच्या फरकावर ठरते. डोळ्यातला दाब एरवी पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर असतो. ऑपरेशनमध्ये आत द्रव सोडतात तेव्हा तो थोडा वेळ 60 च्याही वर जाऊ शकतो आणि तेवढ्यापुरता रक्तपुरवठा घटतो. निरोगी डोळा हे सोसतो; पुढे अनेकांचा दाब आधीपेक्षा थोडा उतरतोही. पण डोळ्याची जी नस काचबिंदूने आधीच खाल्ली आहे, तिला दाबाची ही चढउतार जड जाऊ शकते. आणि मधुमेहाने झिजलेल्या बारीक रक्तवाहिन्या ऑपरेशननंतरच्या दाहाने पाझरू लागतात, पडद्याच्या मध्यावर पाणी साचते. ही सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांनी दिसते. 1953 पासून वैद्यकाला हे माहीत आहे! वेळेत ओळखली तर बहुतेकदा औषधाने उतरते. नेमक्या त्याच आठवड्यांत तुमच्या खात्याने मला वाऱ्यावर सोडले.

का सोडले, तेही सांगते. टेबलावरून रुग्ण उतरला की तुमचा आकडा पूर्ण होतो. त्याला पुढे दिसते की नाही, याचा रकानाच नाही. सगळा कारभार असाच चालतो. वर आकडा पाठवणाऱ्याची पाठ थोपटली जाते आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला बाकावर ताटकळत ठेवले जाते. डॉक्टरांनाही मी सरसकट दोष देत नाही. एका सकाळी इतकी ऑपरेशने उरकायला लावलीत, तर पडदा बघायला त्यांना सवड कुठून मिळणार?

ऑपरेशनआधी बाहुली मोठी करून पडदा तपासा. मधुमेह किंवा काचबिंदू असेल तर ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, करा, दुसऱ्या दिवशी दाब मोजा, सहा आठवड्यांनी रुग्णाला परत बोलवा. आणि तेव्हा कोणाला किती दिसते, ते जाहीर करा.

माझ्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. पडदा तपासल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही, असे लेखी कळवले आहे. अजून उत्तर नाही.

आपली,
एक रुग्ण