पान उलटण्याआधी थांबणाऱ्या ग्रंथपालताईंना

आदरणीय ग्रंथपालताई,

सप्रेम नमस्कार.

समोर भेटलात की मी घाईघाईने 'थँक्यू' म्हणते, पुस्तकं पिशवीत टाकते आणि निघते. मागे रांग असते, काय करणार! म्हणून आज निवांत लिहायला बसले.

धाकटा चार वर्षांचा होता तेव्हा चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. गोष्टींच्या तासाला त्याला आणलं तेही धाकधुकीनेच. चित्रं मुलांना दिसावीत म्हणून तुम्ही पुस्तक खांद्याशी धरलं होतं आणि स्वतः मान वळवून बाजूने वाचत होतात. मध्येच थांबून विचारलंत, "आता हा काय करेल?" एकच गलका झाला. तो ओसरल्यावर तुमची नजर माझ्या मुलाकडे गेली आणि तिथेच थांबली. त्याच्या वतीने मीच बोलणार, तेवढ्यात तुम्ही हात वर करून मला अडवलंत. ती शांतता मला फार लांब वाटली. शेवटी तो पुटपुटला, "लपेल." तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत, शाबासकी दिली नाहीत. फक्त विचारलंत, "कुठे लपेल?" मग तो सांगतच सुटला.

नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा मुलाला प्रश्न विचारत, त्याच्या उत्तरात भर घालत वाचावं, हे तुम्ही नंतर मला समजावलंत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही पालकांनी महिनाभर या पद्धतीने वाचलं आणि त्यांच्या मुलांचं बोलणं इतरांपेक्षा पुढे गेलं. मला मात्र पुरावा त्या सतरंजीवरच मिळाला होता.

थोरलीचं वेगळंच. चौदाव्या वर्षी बालविभागात बसायची लाज आणि मोठ्यांच्या विभागात अवघडलेपण. तुम्ही किशोरांसाठी कोपरा राखलात आणि नव्या खरेदीची यादीही त्यांनाच करायला सांगितलीत. ती कॉमिक्सच नेते म्हणून मी तक्रार केली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाचतेय ना? वाचू द्या." पुढे कधीतरी ती आपसूक ५२० क्रमांकाच्या कपाटाशी पोचली. पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायच्या ड्युई वर्गीकरणात ते खगोलशास्त्र. आता तिथून हलत नाही. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हा नियम मला त्या दिवशी उमगला. ते पुस्तक तुम्ही तिच्या हातात कोंबलं नाहीत, याचे विशेष आभार.

आणि सासूबाई! ज्येष्ठांच्या संगणकवर्गात माउस टेबलाच्या कडेला गेला की त्यांचा हात अडायचा. उचलून पुन्हा मध्ये ठेवा, हे तुम्ही दरवेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलंत. आता त्या स्वतःची पुस्तकं संगणकावरून स्वतः राखून ठेवतात.

काल रात्री धाकटा त्यांना गोष्ट वाचून दाखवत होता. पुस्तक खांद्याशी धरलेलं, मान वळवलेली. पान उलटण्याआधी थांबून त्याने विचारलं, "आजी, आता काय होईल?" त्या विचारात पडल्या. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं.

आपली कृतज्ञ,
दोन वाचक मुलांची आई