‘औषधांना सूट आहे’ या वाक्यापाशी थांबू नये

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

इराणवरील अमेरिकी निर्बंधांविरुद्ध निदर्शने करणाऱ्या संघटनांबद्दल आपल्या वाचकपत्रांत गेले काही दिवस वाद चालू आहे. अन्न आणि औषधांना निर्बंधांतून सूट असते, तेव्हा हा सगळा कांगावा, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू इराकमध्ये निर्बंधांपायी दगावली असे सांगितल्या जाणाऱ्या ‘पाच लाख बालकां’चा दाखला देते. यांतले पहिले वाक्य कागदावर खरे आहे, दुसरा आकडा तपासणीत टिकलेला नाही. इराकचे प्रकरण मुळापासून पाहिले तर दोन्ही बाजूंना थोडे ओशाळावे लागेल.

इराकने कुवेत घेतल्यावर ६ ऑगस्ट १९९० रोजी सुरक्षा परिषदेने इराकवर व्यापारबंदी घालणारा ठराव ६६१ केला. औषधे त्यातून पहिल्याच दिवशी वगळलेली होती. पण तेल विकायला बंदी आणि परदेशातल्या ठेवी गोठवलेल्या. दुकान उघडे, खिसा शिवलेला! १९९१ मध्ये देखरेखीखाली मर्यादित तेल विकू देण्याचे ठराव झाले, ते सद्दाम राजवटीने सार्वभौमत्वाच्या नावाखाली फेटाळले. हे निदर्शनांच्या पत्रकांत सहसा येत नाही, यायला हवे. पुढे एप्रिल १९९५ चा ठराव ९८६, म्हणजे ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना. तेल निघाले डिसेंबर १९९६ मध्ये, पहिले धान्य पोचले मार्च १९९७ मध्ये. सुरुवातीची मर्यादा १८० दिवसांना २ अब्ज डॉलर. त्यातल्या दर शंभरातले ३० युद्धभरपाईला, १३ उत्तरेच्या तीन कुर्द प्रांतांना, काही संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाला. बाकीच्या देशाला उरत ५३.

आता या ५३ मधून पाण्याच्या केंद्राला एक पंप आणायचा आहे असे समजा. इराकचे सरकारी खाते पुरवठादाराशी करार करी. पुरवठादार तो आपल्या देशाच्या न्यूयॉर्कमधल्या शिष्टमंडळामार्फत दाखल करी. संयुक्त राष्ट्रांचे इराक कार्यक्रम कार्यालय कागद तपासून सुरक्षा परिषदेच्या ‘६६१ समिती’कडे पाठवी. समितीत १५ देश आणि कारभार एकमताचा, त्यामुळे कुणाही एकाने हरकतीचा हात वर केला की करार ‘होल्ड’वर, म्हणजे अडकलेला. मंजूर झालाच तर न्यूयॉर्कमधल्या बँकेतल्या संयुक्त राष्ट्रांच्या खात्यातून पतपत्र (पैसे देण्याची बँकेची हमी) निघे. माल उम्म कस्र बंदरात किंवा त्रेबिल, अल-वलीद, झाखो या नाक्यांवर येई, तिथे नेमलेले निरीक्षक पोच देत, आणि मग पुरवठादाराला पैसे मिळत. होल्ड घालणाऱ्यांत अमेरिका सर्वांत पुढे, तिच्या मागे ब्रिटन. कारण ठरलेले: वस्तू लष्करी कामाला वापरता येईल. २००२ च्या मध्यास अडकलेल्या करारांची रक्कम ५ अब्ज डॉलरच्या वर होती.

होल्डचा खरा फटका रकमेत दिसत नाही, साखळीत दिसतो. पाणी शुद्ध करायला तुरटी लागते, क्लोरीन लागतो, क्लोरीन मापात सोडणारे यंत्र लागते, पंप लागतो, आणि हे सगळे चालवायला वीज लागते. १९९१ च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रे आधीच मोडली होती. त्याच मार्चमध्ये पाहणीला गेलेले संयुक्त राष्ट्रांचे मार्टी अहतिसारी यांनी परिस्थितीला जवळपास प्रलयाची उपमा दिली. समजा क्लोरीनचे सिलिंडर आले आणि मात्रा सोडणारे यंत्र अडकले. तुरटी आहे, पण वीज चार तास नाही. पंप थांबला की नळातला दाब उतरतो. जुन्या नळाला चीर असेल तर शेजारच्या गटारातले पाणी आत ओढले जाते, आणि केंद्रावर शुद्ध केलेले पाणी घरी पोचेपर्यंत जुलाब घेऊन येते. आपल्याकडे टीसीएल पावडर टाकूनही गावात गॅस्ट्रो का पसरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी समितीच्या दफ्तरात ‘दहापैकी नऊ वस्तू मंजूर’ अशी नोंद होते आणि ती खोटीही नसते.

रोकडीची अट ही दुसरी अडचण. मध्य आणि दक्षिण इराकला या पैशातून माल फक्त आयात करता येई. स्थानिक गहू विकत घेता येत नसे, तंत्रज्ञांचा पगार देता येत नसे. रेशनकार्डावर परदेशी पीठ फुकटच्या भावात मिळू लागल्यावर तिथल्या शेतकऱ्याच्या गव्हाला कोण विचारणार? महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे गणित कुणी शिकवावे लागणार नाही. योजनेचे बगदादमधले प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पॉनेक यांनी २००० मध्ये निर्बंधांचा निषेध म्हणून राजीनामा दिला. निर्बंधविरोधी चळवळीच्या दृष्टीने ही मोठी मिळकत होती, कारण हे दोघे आतून बोलत होते, तपशिलासह.

युद्ध आणि निर्बंध यांना विरोध करणारे गट तेव्हा दोन तऱ्हांनी काम करत होते. शिकागोतल्या ‘व्हॉइसेस इन द वाइल्डरनेस’ने १९९६ मध्ये अमेरिकी सरकारला आधी लेखी कळवले की आम्ही परवाना न मागता इराकला औषधे नेणार. सरकारचे उत्तर आले: १२ वर्षांपर्यंत कैद, १० लाख डॉलरपर्यंत दंड. तरी त्यांनी सत्तरच्या आसपास तुकड्या नेल्या. पुढे त्यांना २० हजार डॉलर दंड झाला, तो त्यांनी भरायचे नाकारले. बॅगेतल्या औषधांनी दोन कोटींच्या देशाचे काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. पण लहान मुलांची औषधे नेली म्हणून दंड, ही बातमी दाबता येत नव्हती, आणि हेतू तोच होता. दुसरी तऱ्हा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १९९७ मध्ये काढलेल्या ‘कॅम्पेन अगेन्स्ट सँक्शन्स ऑन इराक’ची. ठराव आणि अहवाल वाचणे, ते सर्वांसाठी खुले करणे, आणि इराकी राजवटीशी आपला संबंध नाही हे पहिल्याच परिच्छेदात लिहिणे. आमच्या मते ही दुसरी तऱ्हा जास्त उपयोगी ठरली, दिसायला कितीही रटाळ असली तरी. कोणता माल कुणी अडवला, असे नेमके विचारता आले की मंत्र्याला ‘औषधांना सूट आहे’ एवढे म्हणून सुटता येत नाही. मे २००२ च्या ठराव १४०९ ने पद्धत उलटी झाली: यादीत नाव असलेली वस्तूच तपासायची, बाकी सारे सोडायचे. त्यामागे मोठ्या देशांची गणितेही होती, सगळे श्रेय चळवळीला देता येणार नाही.

राजवटीपासून अंतर राखण्याचा मुद्दा वरवरचा नाही. २००० पासून इराकची सरकारी खाती पुरवठादारांकडून करारावर साधारण १० टक्के गुपचूप परत घेऊ लागली, ‘विक्रीपश्चात सेवा’ या गोंडस नावाने. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वोल्कर चौकशी समितीच्या २००५ च्या अहवालात असे पैसे दिलेल्या दोन हजारांवर कंपन्या निघाल्या. आपल्याकडे त्याच अहवालापायी नटवरसिंग यांचे परराष्ट्र खाते गेले, आरोप त्यांनी नाकारले असले तरी. ब्रिटनमध्ये तर एका निर्बंधविरोधी मोहिमेच्या निधीतच या व्यवहारातला पैसा आल्याचे चौकशीत निघाले. एक मोहीम अशी बाटली की बाकीच्या दहा प्रामाणिक गटांचे म्हणणे कोण ऐकतो?

आता पाच लाखांविषयी. १९९५ च्या एका पाहणीतून हा आकडा निघाला आणि ती पाहणी करणाऱ्यांपैकी एका संशोधिकेनेच दोन वर्षांत तो मागे घेतला. १९९९ मध्ये युनिसेफच्या पाहणीत मध्य आणि दक्षिण इराकमधला पाच वर्षांखालील मृत्यूदर हजारी ५६ वरून १३१ वर गेलेला दिसला, आणि आकडा पुन्हा उभा राहिला. २००३ नंतरच्या पाहण्यांत अशी उडी सापडली नाही. आकडेवारीत राजवटीने हात घातला होता, असा निष्कर्ष २०१७ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. ‘ही किंमत मोजण्याजोगी आहे’ हे अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या तेव्हाच्या राजदूत मॅडलीन ऑलब्राइट यांचे पाच लाख बालकांविषयीच्या प्रश्नाला १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवर दिलेले उत्तर मात्र खरे आहे, आणि ते आकडा न नाकारता दिलेले होते. फलकावर ते जरूर लिहावे. पाच लाख लिहू नयेत. विरोधक तेवढाच धागा ओढून सगळे वस्त्र उसवतात.

इराणकडे येऊ. भारत एकतर्फी निर्बंध मानत नाही, फक्त संयुक्त राष्ट्रांचे मानतो. पण डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कमार्गे जातो आणि बँक अमेरिकी दंडाला घाबरते. २०१२ नंतर तेलाचे पैसे भारत युको बँकेतल्या रुपया खात्यात भरत असे आणि त्यातून इराण आपला बासमती, चहा, औषधे घेई. मे २०१९ मध्ये तेल थांबले, खात्यात भर पडायची थांबली. पुन्हा तेच: सूट आहे, पैसा नाही.

एक वस्तू जवळून पाहा. ‘एपिडर्मोलायसिस बुलोसा’ या जन्मजात आजारात मुलाची कातडी नुसत्या घर्षणाने सुटते. साधी पट्टी लावली तर काढताना कातडी तिच्याबरोबर येते, म्हणून सिलिकॉनच्या थराची न चिकटणारी पट्टी लागते. ती बनवणाऱ्या एका स्वीडिश कंपनीने २०१८ नंतर इराणला पुरवठा थांबवला. पट्टीवर बंदी नव्हतीच, धास्ती पैशाच्या व्यवहाराची होती.

म्हणून आपल्याकडच्या संघटनांनी गोळाबेरीज घोषणांऐवजी अशा एकेका वस्तूची नोंद ठेवावी. वस्तूचे नाव, एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कातला वर्गीकरण क्रमांक (औषधे प्रकरण ३० मध्ये येतात, पट्ट्या ३००५ खाली), अमेरिकी खजिन्याच्या निर्बंध राबवणाऱ्या ‘ओफॅक’ कार्यालयाची सर्वसाधारण परवानगी तिला लागू होते की स्वतंत्र परवाना लागतो, आणि व्यवहार कुठे अडला: निर्यातदाराकडे, विम्याकडे, जहाज कंपनीकडे की बँकेकडे. बँका नकार बहुधा फोनवर देतात, लेखी देत नाहीत. तेव्हा विचारणा ईमेलने करावी आणि उत्तर आले नाही तर न आल्याची तारीखही लिहावी. औषधे गोळा करून पाठवायची असतील तर जागतिक आरोग्य संघटनेची १९९६ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत: पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, वेष्टनावर मूळ औषधाचे (जेनेरिक) नाव हवे, आणि तिथल्या डॉक्टरांनी मागितलेलेच पाठवावे. घराघरांतून जमवलेली गोळ्यांची अर्धवट पाकिटे तिथे वेगळी करून जाळावी लागतात, आणि तो खर्च घेणाऱ्याच्या माथी बसतो.

आपले,
दोन वाचक, ठाणे